बोआचे घर

सुगरण पक्ष्याला घरटे कसे विणावे हे कोणी शिकवीत नाही. उंदीर आपले बीळ आपण पोखरतो. कोळी आपले जाळे आपण विणतो. निसर्गातील प्रत्येक प्राणी आपल्या शरीराला मानवेल अशी जागा शोधतो आणि ती गैरसोयीची ठरली, तर सोडून दुसरीकडे जातो. परंतु त्याच प्राण्याला माणसाने एकदा पिंजऱ्यात ठेवले, म्हणजे त्याची ही मुभा संपते. ऊन तापले तरी त्याला सावलीला जाता येत नाही. तहान लागली तरी ओढा गाठता येत नाही. त्या दिवसापासून त्याच्या सुखदुःखाचा सारा भार माणसाच्या शिरावर येतो. कुत्रा भुंकून, मांजर ओरडून आणि गाय हंबरून आपली अडचण धन्याच्या कानी घालते. साप मात्र जवळजवळ मुका. भीती वाटली तर तो फूत्कार टाकील. पण आपल्याला थंडी वाजते, पाणी हवे आहे, अंग भाजते आहे, हे त्याला सांगता येत नाही. म्हणूनच सापासाठी घर तयार करणे हे पाळणाऱ्याच्या ज्ञानाची आणि दयाबुद्धीची परीक्षा पाहणारे काम आहे. बोआ नावाच्या सापाचे उदाहरण घेऊन हे काम कसे करतात, ते आपण पाहू.

बोआ हा मध्य आणि दक्षिण अमेरिका खंडांतील साप होय. उत्तरेस मेक्सिकोपासून दक्षिणेस अर्जेंटिनापर्यंतच्या प्रदेशात तो आढळतो. स्वीडनमधील थोर निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ साली त्याला ‘बोआ कन्स्ट्रिक्टर’ असे शास्त्रीय नाव दिले. कन्स्ट्रिक्टर म्हणजे आवळणारा. बोआ विषारी नाही. तो भक्ष्याला दातांनी धरतो आणि क्षणार्धात त्याच्याभोवती विळखे घालून ते आवळतो. भक्ष्याचा श्वास कोंडून ते मरते, अशी समजूत पुष्कळ वर्षे होती. परंतु अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून असे दिसून आले की, त्या विळख्याने भक्ष्याचे रक्ताभिसरणच काही क्षणांत खुंटते.

पूर्ण वाढलेला बोआ बहुधा दोन ते तीन मीटर लांब असतो. मादी नरापेक्षा मोठी असते. त्याच्या तपकिरी पाठीवर खोगिराच्या आकाराचे गडद ठिपके असून शेपटीकडे ते तांबूस होत जातात. आपल्याकडील अजगर व बोआ दिसण्यात बरेच सारखे. पण त्यांच्यात एक मोठा भेद आहे. अजगराची मादी अंडी घालते व त्यांच्याभोवती वेटोळे करून बसते. बोआची मादी मात्र जिवंत पिलांना जन्म देते. ही पिले सुमारे अर्धा मीटर लांब असतात आणि जन्मल्या दिवसापासून स्वतःच स्वतःची काळजी वाहतात.

शांत स्वभाव आणि सुंदर रंग यांमुळे युरोपात व अमेरिकेत हौसेने बोआ पाळणारे लोक पुष्कळ आहेत. दुकानात दिसणारे पिलू मनगटाभोवती सहज गुंडाळता येईल एवढे असते. ते पाहून एखाद्याला वाटते की, एक काचेची पेटी घरी असली म्हणजे झाले! परंतु हेच पिलू तीन-चार वर्षांत दीड-दोन मीटर लांबीचा, मांडीएवढ्या नव्हे तरी दंडाएवढ्या जाडीचा, बळकट साप होते. घर बांधावयाचे ते आज दिसणाऱ्या पिलासाठी नसून उद्याच्या त्या सापासाठी, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

पेटीची मापे घेण्यापूर्वी बोआच्या शरीराचा स्वभाव समजून घेणे जरूर आहे. आपल्या शरीराचे तापमान बाहेर थंडी असो की उन्हाळा असो, सुमारे ३७ अंश सेल्सिअस राहते. खाल्लेल्या अन्नापासून आपले शरीर स्वतःच उष्णता निर्माण करते. सापाच्या अंगी हे सामर्थ्य नाही. तो आपली ऊब बाहेरून घेतो. सकाळी तो उन्हात पडून राहतो. अंग पुरेसे तापले की झाडाच्या ढोलीत, पालापाचोळ्याखाली किंवा एखाद्या रिकाम्या बिळात शिरतो. दिवसभर ऊन आणि सावली यांमध्ये जा-ये करून तो आपल्या शरीराचा तोल सांभाळतो. थंडीने त्याचे अंग गारठले, तर पोटातले अन्न पचत नाही. ते तो ओकून टाकतो. तेच अंग फार तापले, तर त्याचा प्राणही जाऊ शकतो. अर्थात बोआच्या घराचा पहिला नियम असा की, तेथे ऊबही पाहिजे आणि गारवाही पाहिजे, व या दोहोंतून हवे ते निवडण्याची मोकळीक सापाला पाहिजे.

आता घराचा आकार पाहू. सापाला वाटेल तेव्हा सरळ लांब होऊन पडता आले पाहिजे, ही साधी कसोटी लावावी. पूर्ण वाढलेल्या मध्यम बोआसाठी पेटीची लांबी निदान दोन मीटर आणि रुंदी व उंची पाऊण ते एक मीटर असावी. साप त्याहून लांब असेल, तर पेटीही त्या प्रमाणात मोठी हवी. पेटी लाकडाची करावी आणि समोरच्या बाजूस जाड काच बसवावी. सगळ्याच बाजूंनी काच असली, तर साप चोहोंकडून उघडा पडतो आणि बिचकतो. शिवाय आतील ऊबही टिकत नाही. लाकडाला आतून पाणी न शोषणारा लेप द्यावा आणि तो पुरता वाळून त्याचा वास गेल्यावाचून सापाला आत सोडू नये. हवा खेळती राहावी म्हणून दोन्ही बाजूंना झरोके ठेवून त्यांवर बारीक जाळी मारावी. पिलासाठी मात्र एवढे मोठे घर एकदम देऊन उपयोग नाही. उघड्या, रित्या जागेत त्याला असुरक्षित वाटते आणि ते खाणेपिणे सोडते. त्याला लहान पेटी द्यावी, अथवा मोठ्या पेटीत लपण्याच्या पुष्कळ जागा करून द्याव्यात.

दुसरी बाब उष्णतेची. पेटीच्या एका टोकाला ऊब देणारा दिवा किंवा विजेचा तापक बसवितात. त्या बाजूचे तापमान ३० ते ३२ अंश सेल्सिअस ठेवावे आणि दुसऱ्या टोकाचे २५ ते २७ अंशांच्या दरम्यान राहू द्यावे. रात्री ते थोडे उतरले तरी चालते. जंगलातही रात्री गारवा असतोच. मधल्या जागेत आपोआप ऊन-सावलीसारखी चढउतार तयार होते आणि साप आपल्या गरजेप्रमाणे इकडून तिकडे सरकतो. हाताला ऊन लागते की नाही, एवढ्यावरून अंदाज बांधू नये. दोन्ही टोकांना एकेक तापमापक लावावा. तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की वीज आपोआप बंद करणारे यंत्र, ज्याला थर्मोस्टॅट म्हणतात, ते तर असलेच पाहिजे.

येथे एका धोक्याची सूचना दिली पाहिजे. तापलेल्या तव्याला बोट लागताच आपण हात मागे घेतो. साप मात्र तापलेल्या वस्तूला चिकटून पडला, तरी पुष्कळदा तेथून हलत नाही आणि त्याचे अंग खोलवर भाजून निघते. सूर्याचे ऊन वरून येते आणि ते अंगाला टेकत नाही. निसर्गात त्याची गाठ अशा तापलेल्या दिव्याशी कधी पडलेलीच नसते. म्हणून पेटीतील दिव्याभोवती मजबूत जाळीचे आवरण घालावे. विजेने तापणारे खोटे दगड मिळतात. तेही वापरू नयेत.

पिंजऱ्यात ऊन आणि सावली दोन्ही असावीत, ही गोष्ट आज साधी वाटते. परंतु ती ओळखून तशी रचना करण्यास पुष्कळ काळ लागला. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी बांधलेली जगातील पहिली स्वतंत्र इमारत लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली उघडली. पुढे १९२३ साली त्या संग्रहालयातील सरपटणाऱ्या प्राण्यांचा विभाग जोन प्रॉक्टर या विदुषीकडे सोपविण्यात आला. लहानपणापासून सरडे व साप पाळून त्यांनी त्यांच्या सवयी बारकाईने पाहिल्या होत्या. त्यांच्या आराखड्याप्रमाणे उभारलेली नवी इमारत १९२७ साली लोकांसाठी खुली झाली. सगळे दालन सरसकट तापविण्याऐवजी प्रत्येक पिंजऱ्याचा काही भाग विजेने अधिक उबदार ठेवण्याची सोय तीत होती. प्रकृती अतिशय नाजूक असूनही प्रॉक्टरबाईंनी हे काम तडीस नेले. १९३१ साली, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. प्राण्याला काय हवे आहे हे त्या प्राण्याकडूनच शिकावे, हा धडा त्यांच्या कामातून मिळतो.

तिसरी बाब पाण्याची आणि हवेतील ओलाव्याची. साप वाढतो तशी त्याची बाहेरची त्वचा जुनी होते आणि तो कात टाकतो. कात टाकण्यापूर्वी त्याचे डोळे दुधाळ, निळसर दिसू लागतात. कारण सापाला पापण्या नसतात आणि डोळ्यांवरील पारदर्शक खवलाही कातेबरोबरच सुटून येतो. हवा योग्य दमट असेल, तर सारी कात मोज्यासारखी उलटी होऊन एकसंध निघते. हवा कोरडी असेल, तर तिचे तुकडे अंगाला चिकटून राहतात; शेपटीच्या टोकाला अशी वळी राहिली, तर रक्त पोहोचेनासे होऊन ते टोक झडूनही जाते. यासाठी पेटीतील आर्द्रता ५० ते ७० टक्क्यांच्या आसपास राखावी. सापाला आत वेटोळे करून बसता येईल एवढे जड, पसरट भांडे पाण्याने भरून ठेवावे आणि ते पाणी रोज बदलावे. परंतु ओलावा म्हणजे चिखल नव्हे. सतत ओल्या, गार जमिनीवर पडून राहिल्याने सापाच्या पोटाखालील खवल्यांना फोड येतात व त्याची छाती बिघडते.

चौथी बाब आडोशाची. बोआ हा दबा धरून बसणारा प्राणी असल्यामुळे त्याला अंग चोरून बसण्यासारखी अंधारी जागा आवडते. पेटीच्या उबदार टोकाला एक आणि गार टोकाला एक, अशा दोन गुहा कराव्यात. एकच केली, तर ऊब की आडोसा अशा पेचात बिचारा साप सापडतो. उपडे घातलेले लाकडी खोके किंवा एका बाजूने फोडून कडा घासून घेतलेला मातीचा माठ या कामी चालतो. आत शिरल्यावर सापाच्या अंगाला चहूबाजूंनी स्पर्श होईल, एवढीच ती जागा असावी. बोआची पिले झाडांवर पुष्कळ वेळ घालवितात, तेव्हा एक-दोन जाड फांद्याही भक्कम बसवाव्यात. तळाशी झाडाच्या सालीचा जाडसर चुरा किंवा नुसते कागद अंथरावेत. मात्र देवदारासारख्या उग्र वासाच्या लाकडाचा भुसा कधीही घालू नये. त्यातील तेल सापांना अपायकारक असते.

पाचवी बाब कुलपाची. बोआचे सारे अंग म्हणजे स्नायूंची एक लांब दोरीच. नाकपुडीने तो फटी शोधतो आणि डोके शिरले की मागचे सारे अंग ओढून घेतो. नुसत्या कडीने अडवलेले दार तो ढकलून उघडतो. म्हणून दाराला कुलूप हवेच. निसटलेला साप घरातल्यांना भीती देतो, स्वतःही मरतो, आणि कधी कधी याहूनही मोठा अनर्थ घडवितो. कॅरिबियन समुद्रातील अरुबा या लहानशा बेटावर पूर्वी बोआ नव्हते. १९९९ साली तेथे प्रथम बोआ आढळला. कोणी पाळलेले साप निसटले असावेत अथवा कंटाळून सोडून दिले असावेत, असे जाणकारांना वाटते. पुढे शेकडो बोआ पकडले, तरी त्यांचा नायनाट झाला नाही; तेथील पक्षी व सरडे त्यांचे भक्ष्य होऊन बसले. एका पेटीचे दार नीट लागले नाही, तर त्याची किंमत सबंध बेटाला द्यावी लागते, ती अशी.

घर झाले तरी काम संपत नाही. पिलाला सात ते दहा दिवसांनी आणि मोठ्या सापाला दोन ते चार आठवड्यांनी एकदा खाणे पुरते. पाळणारे लोक त्याला बहुधा मेलेला उंदीर देतात. कारण जिवंत उंदीर घाबरून सापालाच चावतो आणि जखमी करतो. जेवणानंतर निदान दोन दिवस सापाला हात लावू नये. घाण दिसताच काढावी, पेटी वेळोवेळी धुवावी आणि प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत. सापांच्या विष्ठेत माणसाला आजारी करणारे साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. साप तोंड उघडे टाकून श्वास घेत असेल, नाकातोंडातून फेस येत असेल, खवल्यांमध्ये बारीक काळ्या किडी दिसत असतील, अथवा तो सतत पाण्यातच बसून राहत असेल, तर ती दुखण्याची चिन्हे होत. मुक्या प्राण्याची भाषा ती हीच. ती पाळणाऱ्याने डोळ्यांनी वाचावयाची असते.

आणि हे सारे किती दिवस करावयाचे? बंदिवासातील बोआ वीस ते तीस वर्षे सहज जगतो. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात ‘पॉपाय’ नावाचा एक बोआ होता. १९७७ साली तो मेला, तेव्हा त्याचे वय ४० वर्षांहून अधिक होते. बारा वर्षांच्या मुलाने हौसेने घेतलेला साप, तो मुलगा स्वतः बाप झाल्यावरही जिवंत असू शकेल! त्याचे शिक्षण, नोकरी, गावोगावी होणाऱ्या बदल्या, या सर्वांतून त्या सापाची ऊब, पाणी आणि अन्न एक दिवसही विसरून चालणार नाही. ज्याला हे झेपणार नाही, त्याने तो साप न आणणे हीच त्या सापावर केलेली मोठी दया होय.

आपल्या देशात तर यापुढेही एक विचार आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अजगर, मांडूळ, नाग इत्यादी सापांना संरक्षण दिले असून त्यांना पकडणे, पाळणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. २०२२ साली त्या कायद्यात झालेल्या सुधारणेनुसार, आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेला बोआसारखा परदेशी प्राणी ज्याच्याजवळ असेल, त्याला त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते.

मांडूळ हा आपल्या महाराष्ट्रातील साप बोआच्याच कुळातला. त्याची शेपटी तोंडासारखीच बोथट असल्याने लोक त्याला दुतोंड्या म्हणतात. मांडूळ घरात ठेवला की गुप्तधन सापडते, अशा खुळ्या समजुतीपायी पुष्कळ मांडूळ पकडले जातात आणि पिशव्यांत, डब्यांत कोंडून चोरून विकले जातात. वास्तविक मांडूळ हा भुसभुशीत मातीत अंग पुरून राहणारा आणि उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्य राखणारा निरुपद्रवी जीव आहे. बोआला लागणारे फांद्यांचे घर त्याच्या उपयोगाचे नाही. त्याला हवी असते मोकळी माती. ती त्याला शेताच्या बांधावर आयतीच मिळालेली आहे. ते घर माणसाने हिरावून घेतले नाही, म्हणजे पुरे.

पुण्यातील कात्रजचे सर्पोद्यान किंवा दुसरे एखादे प्राणिसंग्रहालय पाहण्याचा योग आला, तर पिंजऱ्यातील साप केवढा आहे एवढेच पाहून पुढे जाऊ नका. क्षणभर थांबा आणि त्याच्या घराकडे नजर टाका. येथे ऊब कोठून येते? गारवा कोठे आहे? पाणी स्वच्छ आहे काय? लोकांची नजर चुकवून बसण्यास त्याला एखादा कोपरा ठेवला आहे काय? कुत्रा, पोपट, मासा अथवा साप, प्राणी कोणताही असो, त्याच्या पिंजऱ्यासमोर हेच प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे समाधानकारक असतील, तर ते त्याचे घर. नसतील, तर तो केवळ तुरुंग.